सहस्रधारेवर कयाक स्लॅलम: हौशी खेळाडूचे सेकंद कुठे जातात

इंदूरहून महेश्वर ९०-९५ किलोमीटर. पहाटे पाचला रामबागेतून निघालं की महू, मानपूर, धामनोद करत सातच्या सुमाराला जलकोटीला पोचता येतं. तिथं नर्मदा काळ्या बेसॉल्टच्या खडकांत शेकडो धारांनी फुटते, म्हणून ती सहस्रधारा. २०२३ च्या सुरुवातीला खेलो इंडिया युवा स्पर्धा मध्य प्रदेशात झाल्या, तेव्हा कनू स्लॅलम, म्हणजे उसळत्या पाण्यावर टांगलेल्या पोलांच्या जोड्यांतून (गेटांतून) घड्याळ लावून बोट नेण्याचा खेळ, इथंच भरवला होता. इंदूरच्या हौशी माणसाला एवढ्या जवळ खरं उसळतं पाणी मिळणं हे नशीबच म्हणायचं.

ज्यांना बोट सरळ नेता येते, साध्या पाण्यात रोल (उलटलेली बोट आत बसूनच सरळ करणं) जमतो आणि दोन-चार गेटं घेताही येतात, पण घड्याळ काही केल्या खाली उतरत नाही, त्यांच्यासाठी ही माहिती आहे. अगदी नवख्यानं आधी शिकवणाऱ्याकडे जावं.

नियम थोडक्यात असे. एका फेरीत १८ ते २५ गेटं असतात आणि त्यांतली निदान ६ प्रवाहाच्या उलट दिशेनं घ्यायची असतात. हिरव्या-पांढऱ्या पोलचं गेट प्रवाहाबरोबर, लाल-पांढऱ्याचं उलट. बोट, पॅडल, हेल्मेट, अंग, काहीही पोलला लागलं की २ सेकंद वाढतात आणि गेट हुकलं की ५०. डोकं आणि त्याच वेळी बोटीचा काही भाग दोन पोलांमधून जायला हवा. बोटीची टोकं पोलच्या खालून गेली तरी चालतं. मुरलेले खेळाडू अख्खी फेरी दीड मिनिटाच्या आसपास संपवतात.

फेरी लांबली की बहुतेकांना वाटतं, दंडात जोर कमी पडतोय. मग जिम सुरू होतं. जिमनं नुकसान काही नाही, पण सेकंद तिथं सांडत नसतात, ते लाल गेटांवर सांडतात. खात्री करायची असेल तर मोबाइल काठावर तिपाईला लावा, एकच लाल गेट पाच वेळा घ्या आणि बोटीचं पुढचं टोक एडीत शिरल्यापासून अंग पुन्हा मुख्य धारेत येईपर्यंतचा वेळ प्रत्येक वेळी मोजा. एडी म्हणजे खडकाच्या आडोशाला उलटं फिरणारं पाणी. स्वतःच्याच सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट वेळेत जी तफावत दिसेल तिला सहानं गुणा. तेवढे सेकंद दंडातला जोर न वाढवता हाती येणार आहेत.

आधी बोट अंगाला बसवा

स्लॅलमची कयाक साडेतीन मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद असते. ही नियमातली किमान मापं आहेत आणि बोटी त्याच मापावर बांधतात. २००५ च्या आधी किमान लांबी ४ मीटर होती. तशी जुनी बोट स्वस्तात मिळाली तर सरावाला वाईट नाही, मात्र ती वळायला जड असते आणि तिच्यावर पडलेली सवय नव्या बोटीवर मोडावी लागते.

बैठक घट्ट हवी. फुटरेस्ट असा लावा की चवडे टेकल्यावर गुडघे वाकून मांड्या वरच्या आधारांना आपोआप दाबल्या जातील. कमरेच्या दोन्ही बाजूंना फोम चिकटवा. कंबर हलली की बोटीनं त्याच क्षणी कलायला हवं; मध्ये बोटभर जरी फट राहिली तरी बोट अर्धा क्षण उशिरा ऐकते. मात्र उलटल्यावर स्कर्टची (बोटीत पाणी येऊ न देणाऱ्या, कमरेभोवतीच्या कापडाची) पट्टी ओढून लगेच बाहेर पडता येतंय ना, हे शांत पाण्यात तपासल्याशिवाय धारेत जाऊ नका.

आता सीट. शांत पाण्यात बसा आणि काठावरच्या माणसाला बाजूनं बघायला सांगा. मागची डेक, म्हणजे बोटीची वरची बाजू, पाण्याला जवळजवळ टेकलेली आणि पुढचं टोक किंचित उचललेलं दिसायला हवं. सीट फार मागे असेल तर प्रत्येक वळणावर शेपूट बुडते आणि बोट उभी राहून थांबते. फार पुढे असेल तर लाटेत नाक घुसतं आणि वळण ओढून काढावं लागतं. बदल एका वेळी १ सेंटिमीटरच करा आणि त्यावर निदान दोन दिवस बोट चालवून बघा.

पॅडल साधारण उंचीच्या पुरुषाला १९५ ते २०५ सेंटिमीटर, स्त्रियांना त्याहून थोडं कमी. फिरायच्या कयाकचं २२० चं पॅडल घेऊन गेटांत शिरू नका, हात झपझप चालत नाहीत आणि वरचं ब्लेड पोलला लागतं. पॅडल डोक्यावर आडवं धरून कोपर काटकोनात आले की हात बरोबर जागी आहेत. तिथं दांड्यावर टेपचा एक वेढा मारून ठेवा. थकल्यावर हात सरकतो आणि ते आपल्या लक्षात येत नाही.

लाल गेट

समजा गेट उजव्या काठाच्या एडीत टांगलंय. आपण धारेबरोबर खाली येतोय. नदीकडचा पोल उजव्या हाताला ठेवून त्याच्या खाली जायचं, उजवीकडे वळून एडीत शिरायचं, वर तोंड करून गेटातून जायचं आणि पुन्हा उजवीकडेच वळून धारेत यायचं. म्हणजे सगळं वळण नदीकडच्या त्या एकाच पोलभोवती आहे. तो पोल सुरुवातीपासून शेवटपर्यंत उजव्या खांद्याजवळ राहिला तर बोटीची रेघ, म्हणजे मार्ग, बरोबर. काठाकडच्या पोलकडे बघायचं कामच नाही.

एडी आणि धार जिथं घासतात त्या रेघेला एडी लाइन म्हणतात. तिथं पाणी बुडबुडतं, छोटे भोवरे सुटतात. ही रेघ वरच्या बाजूला, खडकाच्या लगत, अरुंद आणि स्पष्ट असते आणि जसजसं खाली जावं तसतशी पसरून पुसट होते. म्हणून एडीत जितकं वर शिरता येईल तितकं वर शिरायचं. अंग पोलच्या खाली अर्धा ते एक मीटरवर रेघ ओलांडेल असा अंदाज धरा. रेघेला समांतर येऊन हळूच आत सरकायला गेलात की धार खाली ओढून नेते. रेघेशी ४५ ते ६० अंशांचा कोन करून, काठाच्या दिशेनं वेग घेऊन ती कापायची.

हातांचा क्रम असा. रेघेच्या अगदी आधी डाव्या बाजूला एक मोठा स्वीप (बोटीपासून लांब, कमानीसारखा फिरवलेला स्ट्रोक), त्यानं नाक उजवीकडे वळायला लागतं. नाक एडीत शिरताच बोट उजवीकडे कलवायची, वळणाच्या आतल्या बाजूला. लगेच उजवं ब्लेड एडीच्या पाण्यात गुडघ्याच्या पुढे, पावलाच्या रेषेत उभं रोवायचं, पान किंचित उघडं. याला ड्रॉ म्हणतात. वरचा हात कपाळाच्या पुढे आणि शक्यतो पाण्यावर. आता ब्लेड ओढायचं नाही, तसंच धरून ठेवायचं. एडीचं पाणी वर जातंय, धार खाली जातेय, बोट त्या दोघांच्या मध्ये स्वतःच फिरते. नाक वर आलं की तेच ब्लेड पाण्यातून न काढता पुढच्या स्ट्रोकमध्ये बदलायचं आणि अंग गेटातून ओढून न्यायचं. मग डावीकडे एक जोरदार स्ट्रोक, नाक धारेत, बोट अजूनही उजवीकडे कललेली, आणि गेलं. एडीत एकूण तीन-चार स्ट्रोक. पाच-सहा लागत असतील तर आत शिरतानाच काहीतरी बिघडलंय, बाहेर पडताना नव्हे.

बिघाड शोधायचा तर व्हिडिओ मागे-मागे नेत बघा, कारण चूक दिसते त्याच्या एक-दोन स्ट्रोक आधी ती झालेली असते.

सर्वांत जास्त दिसणारी गोष्ट म्हणजे गेटाच्या खाली घसरणं. बोट एडीत येते पण दोन मीटर खाली, मग वर चढण्यात ताकद आणि वेळ दोन्ही जातात. याचं मूळ नजरेत असतं. डोळे पोलवर खिळलेले असतात आणि एडी लाइन कधी आली ते कळत नाही. आधीच्या हिरव्या गेटातून बाहेर पडतानाच एडीचा वरचा कोपरा नजरेत धरा आणि नाक तिकडे न्या.

दुसरी चूक: ड्रॉचं ब्लेड कमरेच्या मागे पडणं. तिथं ते वळवत नाही, ब्रेक लावतं. बोट गर्रकन फिरते खरी, पण जागच्या जागी थांबून. कोपर बरगडीला चिकटलेलं आणि धड सरळ राहिलेलं दिसलं तर हेच झालंय. धड आधी वळवा, छाती गेटाकडे आली की ब्लेड आपोआप पुढे पडतं.

तिसरी चूक फोटोत फार छान दिसते. मागे रेलून शेपूट पाण्यात दाबायची आणि नाक हवेत उचलून बोट टाचेवर फिरवायची. हे पिव्हट वळण अरुंद जागेत, किंवा एडी फारच छोटी असेल तेव्हा लागतं. प्रत्येक लाल गेटावर ते केलं तर दर वेळी बोट थांबवून पुन्हा चालू करावी लागते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली ऑस्ट्रेलियाच्या जेसिका फॉक्सनं कयाक आणि कनू (गुडघ्यांवर बसून एका ब्लेडच्या पॅडलनं चालवायची बोट) दोन्हींत सुवर्ण मिळवलं. त्या फेऱ्या पाहताना हातांकडे बघू नका, बोटीच्या वेगाकडे बघा. एडीत शिरताना आणि बाहेर पडताना तो तुटत नाही.

आणि चौथी, बाहेर पडताना खांदा पोलला लागणं. अंग गेटाच्या रेषेतून जायच्या आधीच धारेकडे वळायची घाई. पोल कानाच्या मागे गेल्यावर वळा, आधी नाही. पोल टाळायला मान आणि खांदे वाकवायची सवय लागली असेल तर ती लवकर मोडा. अंग वाकलं की बोट कलते आणि बोट कलली की रेघ बदलते.

दोन सेकंदांची धास्ती घेऊन प्रत्येक पोलपासून हातभर लांबून जाणारे लोक असतात. फेरी स्वच्छ होते, वेळ मात्र वाईट येतो. सरावात पोल लागू द्या, मोजा, पण लांब जाऊ नका. चार फेऱ्यांत एकदाही पोल लागला नाही तर रेघ फार मोठी आहे असं समजा.

हिरवी गेटं आणि आडवं जाणं

हिरव्या गेटांवर एकच पथ्य: उलटा स्ट्रोक मारायचा नाही. उलटा स्ट्रोक म्हणजे आधीचे दोन-तीन स्ट्रोक पाण्यात गेले. तो मारावा लागतो कारण नाक वेळेवर वळलेलं नसतं. गेटं डावी-उजवीकडे सरकवून लावलेली असतील तर ज्या गेटातून जातोय त्यातून जातानाच बोट पुढच्याकडे वळलेली हवी, आणि पुढचं गेट ज्या बाजूला असेल त्या बाजूच्या पोलजवळून निघायचं. नजर एक गेट पुढे. एका फेरीतले उलटे स्ट्रोक व्हिडिओवर मोजून वहीत लिहा. हा आकडा दंडाच्या सेकंदांपेक्षा जास्त बोलका असतो.

धार आडवी ओलांडायची असेल तेव्हा नाक वर ठेवून तिरकं जायचं, याला इंग्रजीत फेरी म्हणतात (स्पर्धेची फेरी ती वेगळी). जोराच्या धारेत नाक प्रवाहापासून २०-३० अंशच उघडा, संथ पाण्यात ४५ पर्यंत चालतं. कोन जास्त झाला की नाक खाली वळतं. धार ज्या बाजूनं येऊन आदळतेय ती कड उचललेली पाहिजे. ती बुडाली की विचार करायच्या आत बोट उलटते. एडीतून धारेत येतानाही हेच, म्हणूनच वर वळणाच्या आत कलायला सांगितलं.

साध्या पाण्यावर निम्मा सराव

धारेत वेळ चांगला यायला हवा तर हात शांत पाण्यात बसवावे लागतात. धारेत एका तासात मोजून दहा-बारा वळणं होतात, शांत पाण्यात साठ होतात. घाटासमोरचं पाणी संथ असलं तरी तिथं आंघोळीला आलेली माणसं, परिक्रमावासी आणि पर्यटकांच्या नावा असतात. त्यांना त्रास होणार नाही अशी बाजूची जागा निवडा आणि स्थानिक नावाड्यांना विचारून घ्या. पाणी कुठं उथळ, कुठं खडक, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

गेट घरी करता येतं. विजेच्या वायरिंगचा २५ मिलिमीटरचा पांढरा पीव्हीसी पाइप, दोन-दोन मीटरचे तुकडे. इंदूरच्या सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानांतून पाइप, टोप्या आणि लाल-हिरवी टेप आणा. २०-२० सेंटिमीटरचे पट्टे मारा, सर्वांत खालचा पट्टा पांढरा ठेवा म्हणजे टोक पाण्यावर उठून दिसतं. खालच्या तोंडाला टोपी लावलीच पाहिजे, कापलेला पाइप गालाला चिरतो. दोन पक्क्या आधारांमध्ये नायलॉनची दोरी ताणून पोल टांगा, खालचं टोक पाण्यापासून १५-२० सेंटिमीटर वर. नियमात गेटाची रुंदी १.२ ते ४ मीटर असते. सुरुवात दीड मीटरवर करा आणि मग १.२ वर या. दोरी संध्याकाळी सोडून घ्यायची, ती अंधारात कुणाच्या नावेला अडकली तर पुढचा सराव तिथं होणार नाही.

तेलाचे रिकामे डबे तरंगवून खुणा करणारेही असतात. वळण शिकायला ठीक, पण बोटीचं टोक डब्याच्या खालून जात नाही, त्यामुळे लांबून वळायची सवय लागते.

दोन गेटं आठ-दहा मीटरवर लावा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत राहा, एकदा उजवं वळण, एकदा डावं. दहा आकड्यांचा वेळ घ्या. जवळजवळ प्रत्येकाची एक बाजू कच्ची निघते. कच्च्या बाजूला दुप्पट वेळ द्या, आवडत्या बाजूचं आपोआप होतं. मग ४५ ते ६० सेकंदांचा आठ-दहा गेटांचा छोटा तुकडा, सहा वेळा, मध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती. पूर्ण लांबीच्या फेऱ्या आठवड्यात एकदाच आणि चारच, मध्ये सहा-आठ मिनिटं थांबून. थकलेल्या हातांनी पाचवी-सहावी फेरी काढली की चुकीचंच वळण अंगात मुरतं. इंदुरात सोमवार ते शुक्रवार पुल-अप, कमरेतून फिरवायचे व्यायाम आणि जमल्यास तरणतलावात दोन्ही बाजूंचा रोल एवढं पुरे.

धारेत उतरण्यापूर्वी

पावसाळ्यात नर्मदेला पूर असतो, तेव्हा सहस्रधारेचं नावही काढू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. वर ओंकारेश्वरचं धरण आहे, तिथून पाणी सोडलं-बंद केलं की पातळी बदलते आणि काल ओळखीची असलेली एडी आज नसते. म्हणून पोचल्यावर आधी काठाकाठानं चालून सगळी रेघ बघा. पाण्याजवळच्या खडकावर खूण करा आणि दर अर्ध्या तासानं ती बघा. पाणी खुणेच्या वर चढताना दिसलं की बाहेर.

एकट्यानं कधीही नाही. निदान तिघं, त्यांतला एक काठावर १५-२० मीटरची फेकदोरी हातात तयार घेऊन, सामानात ठेवलेली नव्हे. हेल्मेट आणि लाइफ जॅकेट सगळ्यांना. रोल शांत पाण्यात दहापैकी आठ वेळा दोन्ही बाजूंनी जमत नसेल तर इथं उतरू नका, कारण बेसॉल्टला धार असते आणि उलट्या अवस्थेत पहिला मार चेहऱ्याला बसतो. उलटल्यावर लगेच पुढे, डेकवर वाकायचं. बोट सोडावी लागली तर पाठीवर तरंगा, पाय प्रवाहाच्या दिशेला पुढे आणि पृष्ठभागावर. वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या वर खोली असेल तर उभं राहायला जाऊ नका. खडकांच्या फटीत पाऊल अडकलं तर प्रवाह माणसाला पुढे ढकलून पाण्याखाली दाबून धरतो.

निघताना पोहे-जिलबी हाणली असेल तर दीड-दोन तास जाऊ द्या. वळणात धड पिळलं जातं, पोट लगेच तक्रार करतं.

बोटीला ओरखडे पडणारच. ओरखडा वरच्या थरापुरता असेल तर सोडून द्या. कापड दिसायला लागलं तर बोट पूर्ण वाळवा, ८० नंबरच्या पॉलिशपेपरनं भोवती ५ सेंटिमीटरपर्यंत घासा आणि फायबरग्लासचे दोन थर रेझिननं बसवा, दुसरा थर पहिल्यापेक्षा मोठा. बोट इपॉक्सीची असेल तर इपॉक्सीच वापरा. पॉलिएस्टर रेझिन त्यावर नीट धरत नाही आणि पहिल्याच खडकाला पापुद्रा सुटतो.

फेरी पाठ करणं

स्पर्धेत नव्यानं लावलेल्या गेटांवर सराव करून बघता येत नाही. दुसरे दाखवायला एक फेरी काढतात, ती काठावरून बघायची आणि तेवढ्यावर उतरायचं. म्हणून पाठांतर हाही सरावाचाच भाग. काठानं चालताना प्रत्येक लाल गेटाला थांबा आणि तीनच गोष्टी ठरवा: एडीत कुठून शिरायचं, ड्रॉ कोणत्या हाताचा, बाहेर पडल्यावर पहिली नजर कुठं. हिरव्या गेटांना एवढा वेळ द्यायची गरज नाही, फक्त ज्या दोन-तीन ठिकाणी गेटं आडवी सरकवलीत तिथं थांबा.

मग काठावर बसून डोळे मिटा, घड्याळ चालू करा आणि हात हलवत अख्खी फेरी मनात काढा. प्रत्यक्ष फेरीपेक्षा मनातली फेरी खूप लवकर संपत असेल तर मध्येच कुठलीतरी गेटं मनानं गाळलीत. बहुतेक वेळा ती लाल गेटांनंतरची, धारेत परत येतानाची असतात. तेवढाच तुकडा पुन्हा चालून बघा आणि घड्याळ परत लावा. दोन्ही वेळांत पाच-सात सेकंदांचाच फरक उरला की पाण्यात उतरा.